आंबा पडेपर्यंत

१७ एप्रिल १९३४

एक आंबा झाडावर ठेवला. त्यावरून सकाळपासून घरात कोणी माझ्याशी धड बोललेले नाही.

भिकाजी गडी आंबे उतरवायची घळ घेऊन पडवीसमोरच्या कलमावर चढला होता. एकेक आंबा काठीच्या जाळीत अलगद उतरत होता. शेवटी दक्षिणेकडच्या फांदीला एकच राहिला. मी खालून ओरडलो, "तो राहू दे!"

भिकाजीला वाटले, फांदीवर साप आहे. घाईघाईने अर्धे झाड उतरून आला.

"साप नाही रे. तो आंबा आपला आपण पडू दे."

त्याने घळ बुंध्याला टेकवली. मग म्हणाला, "भाऊसायब, पडल्याला आंबा कोण इकत घेत नाय."

"विकायचा नाही. बघायचा आहे."

हे सांगायला तो सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. उमा पदराला हात पुसत बाहेर आली. बघायचा म्हणजे? — पडताना बघायचा. — आणि मग? — मग कविता.

"आढीत घातला तर आठवड्यात पिकेल असा सोन्यासारखा आंबा, आणि तुम्ही..." इथे ती थांबली. तिची अपुरी वाक्ये मला पुऱ्या वाक्यांपेक्षा जास्त लागतात.

१८ एप्रिल

निदान या पानावर तरी मुद्दा नीट मांडावा.

कॉलेजात असल्यापासून निसर्गकविता करतो आहे. सगळ्या खोट्या! पारिजातकावर दोन केल्या — आमच्याकडे पारिजातक नाही. गंगेवरच्या पहाटेवर एक मोठी केली — गंगा मी पाहिलेली नाही, आणि पहाटे मी उठत नाही. कोर्टात साक्षीदाराला "तू स्वतः पाहिलंस का?" म्हणून दरडावणारा मी. घरी येऊन न पाहिलेल्या हंसांवर शपथेवर लिहितो!

गेल्या दिवाळीत मुंबईला फूटपाथवर ते पुस्तक मिळाले. पहिली पाने फाटलेली, त्यामुळे नाव-गाव काही नाही. चिनी-जपानी कवितांची इंग्रजी भाषांतरे. एक म्हातारा चंद्र बघत बसतो, त्याचा चहा निवतो. संपली कविता! रात्री वाचली आणि अंथरुणात उठून बसलो. पूर्वेकडचे हे लोक स्वतःला मधून काढून टाकतात आणि मग जे उरते ते लिहितात. आपल्याकडेही हेच नाही का? आजोबा सांगत — एका झाडावर दोन पक्षी. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. मी जन्मभर खाणारा पक्षी. आता चव्वेचाळीस संपेल. एकदा तरी नुसते पाहून, एक तरी खरी कविता व्हावी. तीन ओळींची चालेल. नाही झाली तर लेखणी ठेवून द्यायची, हे ठरवले आहे.

नियम असे: पडवीच्या खांबापासूनच पाहायचे. झाडाजवळ जायचे नाही, जवळ गेले की हाव सुटते. आंब्याला हात नाही. कवितेत "मी" नाही.

येसूआत्याला हे सगळे समजावून सांगितले. ही वडिलांची धाकटी बहीण, माझ्या मुंजीच्याही आधीपासून या घरात. खरे तर हे तिला समजावायची गरजच नाही. काशीहून आली तेव्हा तिने आंबा सोडलेला होता. काशीला जाऊन आवडते फळ सोडायचे ही रीत सगळेच पाळतात, पण लोक शहाणपणाने बोरे सोडतात, डाळिंब सोडतात. रत्नागिरीत राहून आंबा! तेव्हा मीच आळीभर सांगत सुटलो होतो. "आम्रत्याग" ही माझी कविता अजून माजघरात चौकटीत आहे. आढी उघडते, घरभर वास सुटतो, आणि ही माउली डोळे मिटून जपमाळ ओढत बसते. अनासक्ती पुस्तकात कशाला शोधायची?

म्हटले, "आत्या, तुला कधी मोह होत नाही?"

"गप बस मेल्या," म्हणाली.

२१ एप्रिल

संध्याकाळी काव्यविनोद मंडळाची बैठक. मे महिन्याच्या वीस तारखेला वार्षिक समारंभ. आत्मारामपंत "हिमालयदर्शन" वाचणार आहेत. हे कस्टम कचेरीतले हेडक्लार्क, मंडळाचे महाकवी. हिमालय दूरच, कोल्हापूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. शंभरावर श्लोक!

मी म्हणालो, आपण न पाहिलेले लिहितो हे बरे नाही.

पंतांनी तपकीर ओढली. "मग आपण काय पाहिलेत, भाऊसाहेब?"

"अजून पाहिलेले नाही. एक आंबा पडायचा आहे."

हशा. कोणीतरी मागून — "वकीलसाहेबांनी आंब्याला नोटीस काढली का?" पंत म्हणाले, "ठरले तर! वीस तारखेला भाऊसाहेबांनी पडता आंबा वाचायचा. आणि स्वतः पाहिलेला, बरे का! मी उभा राहून विचारणार."

"विचारा," म्हणालो. घरी येताना विचार केला. हा अहंकार झाला का? झालाच.

२४ एप्रिल

आज दिवसभर "मी" हा शब्द न उच्चारण्याचा प्रयोग केला. कोर्टात मुन्सफांनी विचारले, "प्रतिवादीतर्फे कोण?" म्हणालो, "इथे एकजण उभा आहे." मुन्सफांनी चष्मा काढून पुसला. माझ्या अशिलाने दुसऱ्या वकिलाकडे पाहिले.

दुपारी प्रयोग स्थगित केला.

२६ एप्रिल

कोर्टातून आलो. आंबा जागेवर. पण सकाळच्यापेक्षा किंचित लहान वाटला. पुस्तकात आहे — पाहणाऱ्याचे मन विशाल होत जाते तशी वस्तू लहान होते. इतक्या लवकर? माझ्याकडून?

घरात मात्र काहीतरी बिनसले आहे. आत्या रात्री जेवली नाही. "पोट भरलंय," एवढेच. उमा भांडी आपटते आहे. भिकाजीला कोणी बोलावले नव्हते, तरी तो दुपारी येऊन गेला म्हणे. कशाला म्हणून विचारले, तर उमा म्हणाली, "पाणी प्यायला आला होता." त्याच्या घराजवळची विहीर काय आटली?

३० एप्रिल

कावळा आंब्यावर येऊन बसला. हाकलू की नको? हाकलला तर निसर्गात ढवळाढवळ. नाही हाकलला तर आंबा जाणार. पण आंबा "जाणार" म्हणणारा मी कोण? कावळाही निसर्गच. मग मीही निसर्गच की! म्हणजे मी ओरडलो तर तेही... एवढ्यात आत्याने पडवीतून खराटा फेकला. कावळा गेला. आत्या एवढी चपळ आहे हे माहीत नव्हते.

"तुझ्या आंब्यासाठी हो," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

३ मे

कोर्टाला सुट्टी लागली! आता दिवसभर आंब्यासमोर. आरामखुर्ची खांबापाशी आणून ठेवली. आनंदाने उमाला सांगितले, तर तिचा चेहरा उतरला. "दिवसभर? रोज?"

तेव्हापासून तिला घरात काही ना काही कमी पडते आहे. सकाळी हिंग. मग सुया. दुपारच्या उन्हात राळ आणायला धाडले. राळ कशाला? — "असावी घरात."

आणि आत्याला आता कवितेची गोडी लागली आहे. मला माजघरात बसवते, "वाच बरं ते चिन्यांचं." मी वाचतो. ती ऐकते, पण कान अंगणाकडे. मध्येच मोठ्याने "वा!" म्हणते, कविता संपायच्या आतच. तरी ऐकते तर आहे. इतक्या वर्षांत घरात कोणी माझी कविता मागून ऐकली नव्हती. डोळे भरून आले.

६ मे

आंबा पिवळा झाला! देठाशी केशरी. आता कोणत्याही क्षणी. जेवणसुद्धा पडवीतच मागितले आणि ताटाकडे न बघता जेवलो. आमटी समजून पाण्यात भात कालवला.

पडला नाही.

७ मे

उमाने आज हट्टाने पावसला पाठवले. तिच्या चुलतभावाकडे मुंज. "तुम्ही गेला नाहीत तर मी माहेरी तोंड दाखवायची नाही." गेलो. सारा वेळ जीव आंब्यात. बटूच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या त्या भटजींच्या डोळ्यांत गेल्या. संध्याकाळी धावत आलो, पडवीत चढलो, बघतो तर —

आंबा हिरवा!

पिवळा नव्हे. हिरवागार. कडक.

८ मे

रात्रभर विचार केला.

एक: परवा मी पिवळा पाहिला तो पिवळा नव्हताच. पडावा या माझ्या वासनेने तो पिकवला. म्हणजे इतके दिवस पाहतो आहे ते आंब्याला नव्हे, स्वतःच्या हावेला.

दोन: आंबा खरोखरच पिवळ्याचा हिरवा झाला. पूर्वेकडचे सगळे शहाणे काळ गोल आहे म्हणतात. आपणच सरळ रेषेत कॅलेंडरे छापतो.

उमाला विचारले, "तुला परवा आंबा पिवळा दिसला होता का?" ती तांदूळ निवडत होती. खाली मान घालून म्हणाली, "मी आंब्याकडे बघतच नाही. तुम्हीच म्हणता ना, हाव येते?"

किती चटकन आत्मसात केले तिने! आणि मी मूर्ख, पाहणारा म्हणून मिरवतो.

कविता झाली:

पिकले होते ते
पुन्हा हिरवे —
घाई कोणाला?

चांगली आहे का? पण हे मी "पाहिले" म्हणता येईल? पिवळा पाहिला, हिरवा पाहिला. पिवळ्याचा हिरवा होताना पाहिला नाही. उलटतपासणीत टिकणार नाही. फाडून टाकली.

९ मे

डोळे दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, लांबचे अगदीच अंधुक झाले आहे, इतके दिवस कारभार कसा चालला? मुंबईहून नवा चष्मा मागवला. आगबोटीने येईल. "निकड काय आहे?" म्हणाले. म्हणालो, एका आंब्याचा रंग ठरवायचा आहे. त्यांनी जीभही तपासली.

१२ मे

आत्मारामपंत आंबा बघायला आले, छत्री आपटत. "हा का तो विख्यात आंबा? अहो, हा अजून पंधरा दिवस पडत नाही!" आणि तरातरा झाडाकडे निघाले. मी नियम सांगणार तोच आत्या आडवी झाली. "पंत, उन्हातून आलात. आधी पन्हं घ्या." एक पेला झाला. दुसरा. पाचव्या पेल्यानंतर पंतांना घाईघाईने घरी जावे लागले. आत्याचे आदरातिथ्य!

जेवायला पडवळाची भाजी. आत्याने नेहमीसारखी वाढूच दिली नाही. तिला पडवळ मुळीच चालत नाही, इतक्या वर्षांत पानात पाहिलेले आठवत नाही. आवडीचा आंबा सोडलेल्या बाईला एवढी एक नावड माफ असावी.

१५ मे

तिसऱ्या प्रहरी मोठी वावटळ. माडाची झावळी धाडकन खाली. शेजारच्यांचे धोतर आमच्या दगडी गडग्यावर. अंगणात पाल्याचा खच. मी खांबाला मिठी मारून आंब्याकडे बघत होतो. गोल गोल फिरला! एकदा तर फांदीवरून उलटा होऊन परत आला. पण पडला नाही!

असे फळ मी कधी पाहिले नाही. भिकाजी शेजारी उभा होता. त्याचा चेहराही उजळलेला. "सांगितलं ना, नाय पडायचा तो! गलबतावर मी..." आणि एकदम गप्प झाला. पूर्वी तो खलाशी होता. समुद्रावरच्या वादळांची आठवण झाली असावी. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघे आंब्याकडे बघत उभे राहिलो. पुस्तकात असेच गुरुशिष्य असतात.

पण पाच दिवसांवर समारंभ आला. आंबा पडणार केव्हा?

१७ मे

आगबोटीने चष्मा आला.

पडवीत उभा राहून घातला. समोरच्या घराच्या कौलावरचे शेवाळ दिसले. गडग्यावरून चाललेला मुंगळा दिसला. जग किती धारदार! मग आंब्याकडे वळलो.

आंब्याच्या देठाला सुतळी आहे.

चांगली पिळाची सुतळी, तीन वेढे. वर फांदीला गाठ. अशी गाठ मी फक्त बंदरात पाहिली आहे.

खुर्चीत बसलो. चष्मा काढला. आंबा. चष्मा घातला. सुतळी. असे बरेचदा केले.

पाणी प्यायला म्हणून आत गेलो, तर स्वयंपाकघरात बोलणे चाललेले. दाराशी थबकलो. चोरून ऐकणे वाईट. ऐकले.

आत्याचा आवाज — "सांगून टाकते त्याला. आंबा पडला, मी घरात एकटी, समोर पडलेला, वास सुटलेला... खाल्ला. फासावर देईल काय?"

उमा — "अजिबात नाही, आत्या! काशीचा नेम मोडला हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? पाया पडतात ते तुमच्या. आणि यांना कळलं की आंबा कधीच पडून गेला, तर हे पुन्हा लेखणी हातात धरायचे नाहीत. मला माहीत आहे."

"मग पाड की एकदाचा त्याच्यासमोर!"

"भिकाजी म्हणतो गाठ सुटतच नाही. कापायला चढावं तर हे खुर्चीतून उठत नाहीत!"

मी न पिताच बाहेर आलो.

१८ मे

काही लिहवत नाही. तीन वेळा आंबा बदलला असावा. भरउन्हात, माझ्या कोर्टाच्या, राळेच्या, हिंगाच्या आणि पावसच्या फेऱ्यांमध्ये. झाडाखाली शिडीच्या खुणा आता स्वच्छ दिसतात. काळ गोल आहे म्हणे!

हसू आवरेना म्हणून विहिरीवर जाऊन हसलो. मग हसू थांबले.

माझा आंबा पडला तेव्हा मी कोर्टात होतो. माझी खरी कविता कोणी पाहिलीच नाही — छे, पाहिली. आत्याने. आणि खाल्ली.

१९ मे

उद्या पंत विचारणार, "स्वतः पाहिलात?" खरे सांगायचे तर सुतळी सांगावी लागेल. सुतळी सांगितली की ती का, हे आले. मग आत्याचा काशीचा नेम भरसभेत. उद्या मुकाट बसलो तर पंत आंबा बघायला पुन्हा येणार, आणि पन्ह्यालाही मर्यादा आहे. चव्वेचाळीस वर्षे खोटे बोललेलो नाही. कवितेत सोडून.

दुपारी सगळे कलंडले तेव्हा घळ घेतली. काठीच्या टोकाला खिशातला चाकू बांधला. माझी गाठ सुटली, चाकू पायाशी पडला. पुन्हा बांधला. पुन्हा पडला. एकाच घरच्या दोन गाठी, एक सुटत नाही, एक बसत नाही! शेवटी रुमालाने आवळला आणि नियम मोडून झाडाखाली गेलो. भिकाजीची सुतळी मेली चिवट. मान मोडेपर्यंत घासत राहिलो. एकदम तुटली, आणि आंबा माझ्या नव्या चष्म्यावर. एक काच तडकली.

घळ गवतात लपवली आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "पडला! पडला!"

सगळे धावत आले. उमाने हातच जोडले. "पडला का हो! आपला आपण?"

"आपला आपण," म्हणालो. झाले! बोललो.

"तुम्ही पाहिलात?"

"अगदी जवळून."

भिकाजी खाली वाकला. सुतळीचा तुकडा उचलला, कापलेले टोक बघितले, गवतातली घळ बघितली, तुकडा बंडीच्या खिशात टाकला. "वाऱ्यान पडला असंल," म्हणाला.

वारा? पान हलत नव्हते.

आत्या जवळ आली. माझ्या कपाळावरचा चीक पदराने पुसत होती. जरा जास्तच वेळ.

२० मे

समारंभ. "हिमालयदर्शन" सुरू असताना अध्यक्ष झोपले. मंडपात दिवे लावावे लागले. मग माझी पाळी.

दुपार.
एक फळ पडले.
झाड तिथेच.

लोक पुढच्या ओळीची वाट बघत होते. मागून कोणीतरी — "बाकीचा आंबा उद्या पडणार का?" अध्यक्ष दचकून जागे झाले आणि टाळ्या वाजवू लागले, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

पंत उभे राहिले. "भाऊसाहेब, स्वतः पाहिलात?"

बायकांच्या बाजूला उमा, शेजारी आत्या. आत्या पदराचा काठ चावत होती.

"स्वतः," म्हणालो. तडकलेला चष्मा दाखवला. "हा पुरावा."

खूप हशा झाला. पंतसुद्धा हसले. घरी येताना मनाला टोचणी लागायला हवी होती. शोधली. सापडली नाही. याचाच आता घोर लागला आहे.

२१ मे

सकाळी आत्या खांबापाशी येऊन बसली.

"गोपू, चाकू रुमालानं बांधतात होय?"

म्हणजे जागी होती! मग लपवण्यात अर्थ नव्हता. म्हणालो, मला सगळे कळले आहे, कोणाला सांगणार नाही, काशीचा नेम चुकून मोडला तर प्रायश्चित्त असते, आपण विचारू —

"कसला नेम?"

"आंब्याचा."

आत्या हसायला लागली. इतकी की जपमाळ हातातून घरंगळली. "अरे, काशीला मी सोडलं डाळिंब. आणि भाजीत पडवळ. दोन्ही मेली मला आवडत नाहीत."

"मग आंबा?"

"आंबा तू सोडलास. माझ्या वतीनं."

तिने जपमाळ उचलून घेतली.

"काशीहून आले ती पोट बिघडवून. गाडीतलं पाणी. पानातली फोड बाजूला सारली, तर तू उठलास नाचत — 'आत्यानं आंबा सोडला!' — आणि घातलंस की लोटांगण. नुकताच वकील झाला होतास. तुझ्यामागून सगळी आळी पाया पडायला. कोणाकोणाला सांगू, जुलाब होतायत म्हणून?"

"नंतर सांगायचंस!"

"नंतर तू कविता केलीस. चौकटीत लावलीस! रोज जेवताना समोर. त्या चौकटीखाली बसून मी आंबा मागू?"

इतके उन्हाळे! आणि मी साक्षीदारांना विचारतो, तू स्वतः पाहिलंस का!

"वकीलपत्र नव्हतं दिलं रे मी तुला," म्हणाली. रागाने नाही.

उमा दारात उभी होती. सगळे ऐकले होते तिने. तशीच माजघरात गेली, चौकट खाली उतरवली, आणि आढी उघडली.

२२ मे

दुपारी येसूआत्याने पडवीत बसून, रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, आंबे खाल्ले. पंत जाता जाता थबकले, छत्री हातातून पडली. आत्याने त्यांना हाक मारून बाठा दाखवला. रस कोपरापर्यंत ओघळत होता.

माझ्याही पुढे फोडी होत्या. संध्याकाळी उमा बशी उचलायला आली, तेव्हा लक्षात आले: एकही उचलली नव्हती, नुसते पाहत होतो.